मुरूम-दगडाचा परवाना: सातबाऱ्यापासून सहा मीटरच्या रेघेपर्यंत

सोलापूरकडं वाटणीत माळ आला की शेजारी सल्ला देतात, "पिकत नाही ना, मग मुरूम वीक." सल्ला फुकटचा असतो, दंड मात्र आपल्याला भरावा लागतो. सातबारा आपल्या नावावर असला म्हणून पोटातला मुरूम आपोआप आपला होत नाही. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणं विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. पोकलेन आणि टिपरही जप्त होतात.

मुरूम, काळा दगड, वाळू ही गौण खनिजं. त्यांचा कारभार राज्याच्या २०१३ च्या गौण खनिज उत्खनन नियमांनी चालतो. एखाद्या कामापुरते ठरावीक ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) काढायचे असतील तर अल्प मुदतीचा परवाना, क्रशर लावून वर्षानुवर्षं खडी विकायची तर खाणपट्टा, म्हणजे लांब मुदतीचा पट्टा. अर्ज 'महाखनिज' पोर्टलवर करायचा. शंका असेल तर तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातली खनिकर्म शाखा गाठावी.

अर्ज कोण करू शकतो? जमीनमालक, किंवा मालकाची लेखी संमती असलेला माणूस. ताजा सातबारा, आठ अ, मोजणीचा नकाशा, आधार, पॅन, ग्रामपंचायतीचा ठराव हे तर लागतंच. पण अर्ज अडतो तो बहुतेक सहहिस्सेदारांपाशी. पुण्या-मुंबईला गेलेल्या भावाची, लग्न होऊन गेलेल्या बहिणीची सही राहिलेली असते. 'इतर हक्क' रकान्यात सोसायटीचा बोजा दिसत असेल तर त्यांची ना-हरकत घ्या. जमीन वर्ग-२ ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) असेल तर सरकारची परवानगी आधी मिळवा, नाहीतर पुढची सगळी पळापळ वाया जाते. पुढं ग्राम महसूल अधिकारी आणि मंडळ अधिकारी जागेवर येऊन पंचनामा करतात. रस्ता, विहीर, वस्ती, विजेचे खांब किती अंतरावर आहेत ते त्या दिवशी स्वतः उभं राहून दाखवावं.

खाणपट्ट्याला एवढ्यावर भागत नाही. मान्यताप्राप्त तज्ज्ञानं केलेला खाणकाम आराखडा लागतो, शिवाय पर्यावरण मंजुरीही लागते. 'पाच हेक्टरच्या आत आहे, मंजुरी कशाला?' हा समज सर्वोच्च न्यायालयाच्या २७ फेब्रुवारी २०१२ च्या निकालानंतर संपला. क्रशरसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती वेगळी.

सोलापूरची खास अडचण म्हणजे माळढोक पक्षी. त्याच्यासाठीचं नान्नजचं अभयारण्य १९७९ पासूनचं, आणि आपल्या जिल्ह्यात ते एका कुंपणातलं जंगल नाही, शेताशेतातून पसरलेलं आहे. अभयारण्यात आणि त्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाणकामाला परवानगी नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये स्पष्ट केलं. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा भागातल्या लोकांनी गट नंबर घेऊन वन विभागाकडं हद्द तपासावी, आणि मगच आराखड्यावर पैसे घालावेत.

आता ज्याकडं कुणी बघत नाही तो भाग. महसूलचा परवाना माल काढायचा. खाली उतरणाऱ्या माणसाच्या जिवाचा कायदा केंद्राचा, आणि तो पाहणारं खाण सुरक्षा महासंचालनालय धनबादला. १९५२ च्या खाण कायद्यात मुरूम-दगडाच्या उघड्या खाणीला बऱ्याच तरतुदींतून सूट होती, पण तीन अटींवर: खोली कुठंही सहा मीटरपेक्षा जास्त नको, एका दिवशी पन्नासपेक्षा जास्त माणसं नकोत, सुरुंग नको. एक जरी अट मोडली तरी सूट गेली. काळा दगड सहसा सुरुंगाशिवाय निघत नाही, म्हणजे बहुतेक दगडखाणी या सुटीबाहेरच. नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा नव्या कामगार सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. त्यामुळं काम सुरू करण्याआधी द्यायची सूचना सध्या कोणत्या नमुन्यात द्यायची ते महासंचालनालयाकडं विचारून घ्या.

खाण सुरक्षेच्या १९६१ च्या विनियमांतली मापं मात्र ध्यानात ठेवण्यासारखी. मुरमात बाजू ४५ अंशांपेक्षा उभी नको, नाहीतर दीड मीटर उंचीच्या पायऱ्या पाडायच्या; पायरीची रुंदी उंचीइतकी तरी हवीच. पोकलेनवाला घाईत उभी भिंत कापतो, कारण तसं डिझेल कमी जातं. पावसानंतर तीच भिंत ढासळते. स्फोटकं परवानाधारकाकडूनच घ्यायची, सुरुंग प्रमाणपत्र असलेल्यानंच उडवायचा, आणि अठराच्या आतलं पोर खाणीत दिसताही कामा नये.

पैशाचं थोडक्यात: जुलै २०२१ पासून स्वामित्वधन (सरकारला द्यायची खनिजाची रॉयल्टी) ब्रासला ६०० रुपये. खाणपट्ट्यावर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा (खाणबाधित गावांसाठीच्या निधीचा) वाटा वेगळा. कुंभार आणि वडार कुटुंबांना ठरावीक मापापर्यंत सूट आहे, त्यासाठी जातीचा दाखला सोबत न्यावा. गाडी भरली की प्रत्येक खेपेची वाहतूक पावती महाखनिजवरूनच काढायची. चालकानं ती गाडी निघण्याआधी घ्यायची, नाका आल्यावर नव्हे.