खर्जाचा सूर आणि संगणकाची घाई

इंदुरात वराती पाहिलेल्या माणसाला क्लॅरोनेट वेगळी ओळखून द्यावी लागत नाही. बँडच्या गदारोळातही तिचा तार सप्तकातला सूर वर निघतोच. तिचाच खर्जातला प्रकार, बास क्लॅरोनेट, मात्र वरातीत सापडणार नाही. वादकाच्या उंचीला जवळपास पोचणारी लाकडी नळी, वर धातूची वाकवलेली मान आणि खाली वर वळलेला धातूचा कर्णा. सॅक्सोफोन ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या अडॉल्फ सॅक्स यांनी १८३८ मध्ये तिच्या सुधारित रूपाचं पेटंट घेतलं. पुढे शतकभर तिची जागा वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेत होती. १९५५ मध्ये आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात वादक योसेफ होराक यांनी तिची एकल मैफल केली. नंतर नेदरलँड्सचे वादक हॅरी स्पारने यांच्यासाठी शेकडो रचना लिहिल्या गेल्या आणि त्यांतल्या बऱ्याच रचनांत इलेक्ट्रॉनिक्सही आलं.

आज अशा काही रचनांत वादक वाजवत असतानाच संगणक त्याचा आवाज बदलून परत ऐकवतो. या वाद्यासोबत संगणक इतका का रमतो, याचं उत्तर नळीत आहे. क्लॅरोनेटची नळी जवळपास सगळीकडे सारख्याच रुंदीची, आणि फुंकायच्या पत्तीच्या बाजूला ध्वनीच्या दृष्टीने बंद. बासरी दोन्हीकडून उघडी. बंद नळी तेवढ्याच लांबीच्या उघड्या नळीपेक्षा सप्तकभर खाली बोलते, म्हणून बास क्लॅरोनेटच्या दीड मीटरच्या आसपासच्या नळीतून ५८ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५८ कंपनांचा सूर निघतो. बासरीला त्यासाठी सुमारे तीन मीटर लागले असते! शिवाय बंद नळीत मूळ कंपनाच्या तिप्पट, पाचपट असे विषम पटीचे स्वर प्रबळ असतात. बासरीत फुंक वाढवली की पुढच्या सप्तकातला तोच स्वर लागतो. क्लॅरोनेट थेट तिप्पटीवर, म्हणजे मंद्र सा वरून मध्य पंचमावर उडी मारते. पाचपट म्हणजे तार सप्तकातला शुद्ध गंधार. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोच हा.

कसलेला वादक जीभ आणि घशाची ठेवण बदलून यांतला एखादाच स्वर उचलून धरतो. नेहमीची सोडून वेगळीच छिद्रं उघडी ठेवली, की नळीत एकाहून अधिक अनुनाद एकमेकांशी झगडतात आणि एकाच फुंकेतून दोन-तीन स्वर बाहेर पडतात. संगणक हे सगळं पकडतो, लांबवतो, चिरतो, उशिरा परत पाठवतो. मायक्रोफोन एकच लावून मात्र भागत नाही. सर्वांत खालचा सूर कर्ण्यातून येतो, पण बाकीच्या सुरांचा बराचसा आवाज उघड्या छिद्रांतून निघतो. म्हणून एक माइक खाली, एक वर.

आता खरी गंमत. वादक कोणता सूर वाजवतोय हे कळलं, तरच संगणक त्याला जुळणारं काही वाजवू शकेल. ५८ हर्ट्झच्या एका आवर्तनालाच १७ मिलिसेकंद लागतात. दोन आवर्तनं पाहायची तर ३४. त्याच्या शेजारचा सूर सुमारे ६२ हर्ट्झचा, म्हणजे अंतर जेमतेम साडेतीन हर्ट्झ. आवाजातली कंपनं सुटी करून मोजणाऱ्या नेहमीच्या वर्णपट पद्धतीने हे दोन सूर वेगळे दिसायला पाव सेकंदाहून जास्त काळ ऐकत राहावं लागतं. वरच्या कंपनांवरून अंदाज बांधून थोडा वेळ वाचवता येतो, पण चौकट तीच. प्रोसेसर कितीही वेगवान आणा, हा उशीर जात नाही, कारण तो यंत्राचा नाही, लहरींचा आहे. शहाणे रचनाकार म्हणून संगणकाला सोबत पळवत नाहीत. त्याला मागून उत्तर द्यायला लावतात. जिथे तो वादकाच्या बरोबरीने धावायचा हट्ट धरतो, त्या रचना मला चकाकत्या आणि पोकळ वाटतात.

उस्ताद अमीर खाँ यांच्या शहरातल्या श्रोत्याला हे वेगळं समजावायला नको. अतिविलंबित झूमरा तालात मंद्रात सावकाश उतरणारी ती गायकी इथल्या कानांनी ऐकलेली आहे. भौतिकशास्त्र आणि गायकी यांचा थेट संबंध जोडण्याचं धाडस मी करणार नाही, पण खर्जाला घाई चालत नाही एवढं दोन्हीकडे दिसतं.

हे संगीत ऐकायचं तर हेडफोन लावा. मोबाइलचा स्पीकर ५८ हर्ट्झ जवळजवळ वाजवतच नाही. तरीही सूर खालचाच आहे असं वाटतं, कारण वरच्या कंपनांवरून मेंदू तो गळालेला खर्ज स्वतःच भरून काढतो. छातीत जाणवणारी थरथर मात्र त्याला भरता येत नाही.