जुळ्या कोकरांचं पोट

भातकापणी उरकली की ठाण्याजवळच्या शीळ-डायघरकडच्या उरल्यासुरल्या शेतांत घाटावरून मेंढ्या उतरतात. रात्री वाघर म्हणजे जाळीचं कुंपण लावून कळप शेतातच बसवतात, लेंडीखताच्या बदल्यात धनगराला धान्य नाहीतर पैसे मिळतात. यंदा धनगरांच्या एका वाड्यावर, म्हणजे मुक्कामावर थांबलो, तर डालग्याखाली दोन इवलीशी कोकरं झाकून ठेवलेली. जुळी. मला कौतुक वाटलं, पण वाड्यावरच्या मावशींच्या कपाळावर आठी होती. "आईला दूध पुरंना, दादा. एकाला दुसरीच्या सडाला लावत्ये."

आपली दख्खनी मेंढी सहसा एका वेताला एकच कोकरू देते. सुंदरबनातली गरोळ मेंढी अंगाने अगदी लहान, तरी तिला दोन-तीन होतात. कारण 'फेक-बी' नावाचा जनुकीय बदल. जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं. त्यामुळे बीजकोश लवकर पक्व होतात आणि एका माजात एकाऐवजी दोन-तीन बीजं सुटतात. हा बदल नेमका कुठे आहे ते २००१ मध्ये कळलं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गरोळचा हा गुण संकरातून दख्खनीत आणला आणि 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. मेंढ्याला पाहून हा गुण ओळखता येत नाही, कारण तो स्वतः वीत नाही! म्हणून रक्ताची डीएनए तपासणी करूनच मेंढा निवडावा लागतो.

पण बीजं जास्त सुटली म्हणून कळप वाढत नाही. मेंढी साधारण पाच महिने गाभण असते आणि कोकराची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. नेमक्या त्याच दिवसांत गर्भाशय पोट दाबतं, तिला चारा कमी जातो. पोटात जुळी असली की ती अंगावरची चरबी जाळू लागते; फारच ओढाताण झाली तर खाणं सोडते, कधी दगावतेही. नुसत्या धसकटांवर आणि पेंढ्यावर हे दिवस निघत नाहीत. थोडा भरडलेला मका आणि मूठभर पेंड इथे फार मोलाची. माजाच्या आधी दोन-तीन आठवडे खुराक दिला तरी जुळ्यांचं प्रमाण वाढतं, मात्र पुढच्या खुराकाची सोय नसेल तर तो खर्च अंगाशी येतो.

जन्मानंतरचे पहिले काही तास तर सगळ्यात नाजूक. आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्यं गर्भात कोकरापर्यंत पोचत नाहीत, ती चिकातूनच मिळतात. कोकराचं आतडं ती साधारण पहिला दिवसच शोषून घेतं. जुळ्यांतलं अशक्त कोकरू मागे रेटलं जातं ते इथेच. म्हणून जुळ्यांची मेंढी कळपात आणायची, तर तिच्या वाट्याचा खुराक आणि कोकरांकडे बघणारं माणूस दोन्ही आधी हवं. चालत्या वाड्यावर हे किती अवघड आहे, ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं.

मावशींनी डालगं उचललं. थोरलं धडपडत आईकडे पळालं. धाकट्याला त्यांनी मांडीवर घेतलं, दुसऱ्या मेंढीचे पाय धरले आणि सड बोटांनी दाबून त्याच्या तोंडात दिला. तीनदा सुटला. चौथ्यांदा त्याची शेपटी हलायला लागली.