रियाजाची वही आणि प्रगतीची वही

तबला असो, पेटी असो की गिटार, शिकायला लागलं की महिन्याभरात एखादी वही नाहीतर ऍप हाताशी येतंच. तारीख, वार, मिनिटं. ही झाली रियाजाची नोंद. बहुतेक जण तिलाच प्रगतीची नोंद समजतात. मस्टरवर रोज सही आहे म्हणून काम झालंच असं थोडंच असतं?

हजेरी फुकट जात नाही, हेही खरं. लोकलमधून लोंबकळत घरी यायचं, मुलांचा अभ्यास आणि शेजाऱ्यांची झोप सांभाळून रात्री दहाच्या आत डग्गा-तबला काढायचा, तर ‘आजचा रकाना कोरा नको’ एवढा धाक कामाला येतो. सवय लागते. पण त्यापलीकडे ती वही काही सांगत नाही. ‘दहा हजार तास रियाज केला की माणूस तयार होतो’ हा आकडा सगळे ऐकवतात. तो मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन यांच्या 1993 सालच्या बर्लिनमधल्या व्हायोलिनवादकांच्या अभ्यासातून निघाला. ती सरासरी होती, आणि तासांपेक्षा रियाज कसा केला यावरच एरिक्सन यांचा भर होता.

आता दोन्ही वह्यांतला मंगळवार बघा. पहिलीत: ‘45 मिनिटं, कायदा’ (म्हणजे तबल्याच्या बोलांची विस्तारत न्यायची ठरलेली रचना). दुसरीत: ‘धाधा तिरकिट, लेहरा 70, दुगुन. तिसऱ्या आवर्तनात किटचा ट गिळला. समेच्या आधी लय पळाली.’ (लेहरा म्हणजे साथीला फिरणारी सुरावट आणि 70 हा तिचा वेग, दुगुन म्हणजे दुप्पट लय, आवर्तन म्हणजे तालाचा एक फेरा आणि सम त्याची पहिली मात्रा.) दुसरी नोंद वाचून बुधवारी काय घासायचं ते कळतं.

मोजायचं कधी, यात खरी गोम आहे. तासभर तोच कायदा घोटल्यावर लेहरा 90 वर नेला तरी हात चालतो आणि आपण वहीत 90 लिहून मोकळे होतो. तो गरम हाताचा आकडा. दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या, काहीही वाजवायच्या आधी, तोच कायदा लावा. 75 वरच बोल मळले, तर प्रगतीच्या वहीत 75 च्याही खालचा आकडा जातो. सरावात दिसणारी कामगिरी आणि मुरलेलं शिक्षण या दोन गोष्टी मानसशास्त्रातही वेगळ्या मानतात. गरम आकडा मनाला बरा वाटतो, म्हणूनच माझा त्याच्यावर भरवसा नाही.

मोबाइलवर रेकॉर्डिंग ठेवणं सगळ्यात उत्तम. मात्र मोबाइल ठेवायची जागा तीच असू द्या. मुंबईकरांना यात आणखी एक अडचण. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, सैलावते, तबला उतरतो, नाद बसका येतो. फेब्रुवारीचं आणि जुलैचं रेकॉर्डिंग शेजारी ठेवून ‘माझा हात बिघडला’ म्हणणाऱ्यांनी आधी हातोडी घेऊन सूर चढवावा. लय आणि निकास, म्हणजे बोल स्वच्छ निघणं, यांची तुलना करा, नादाची दिवाळीनंतर.

संगीताच्या परीक्षांचं म्हणाल तर प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद हा जिना चांगलाच. अभ्यासक्रम पुरा होतो, अंगाला शिस्त लागते. पण निकाल त्या एका दिवसाचा. मधल्या महिन्यांत कुठला बोल अडतोय ते प्रमाणपत्रावर छापत नाहीत.

हजेरी रोज मांडा, प्रगती आठवड्यातून एकदा. रोज आकडा मोजायला बसलं की लय चढवायचा नाद लागतो आणि निकास जाते. आणि प्रगतीची वही क्लासला न्या. कुठे अडलं ते लिहून आणलेलं असलं, की गुरुजींचा निम्मा तास हुडकण्यात जात नाही.