डेटाबेसच्या खोडी: वीज, देवनागरी आणि जुने निर्णय

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कुठल्याही जुन्या पतसंस्थेत, जिनिंगमध्ये किंवा फ्रूटसेल सोसायटीच्या ऑफिसात संगणकावर बसणाऱ्याला विचारा, काय बिघडलं? उत्तर ठरलेलं असतं: "इंडेक्स उडाला," म्हणजे नोंदी चटकन शोधण्यासाठीची क्रमसूची बिघडली. मग रीइंडेक्स मारायचं, म्हणजे ती सूची नव्याने बांधायची, चहा घ्यायचा आणि पुढच्या पावतीला लागायचं. उपाय बऱ्याचदा लागू पडतो, म्हणून तो हाताला बसला. पण या एकाच निदानाखाली गेल्या चाळीस वर्षांतल्या फार वेगवेगळ्या गोष्टी दडल्या आहेत. काही खरेखुरे दोष आहेत, काही सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी समजून-उमजून घेतलेले निर्णय, आणि काहींशी सॉफ्टवेअरचा संबंधच नाही. आपल्या भागात त्या जास्त जाणवतात, कारण आपल्याकडे वीज जाते आणि आपण देवनागरीत लिहितो. ही सॉफ्टवेअर जिथे घडली, तिथे या दोन्ही गोष्टी रोजच्या नव्हत्या.

सुरुवात कागदावर फार नेटकी झाली. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी 1970 साली रिलेशनल मॉडेलचा, म्हणजे माहिती तक्त्यांत मांडण्याच्या पद्धतीचा, निबंध लिहिला, त्यावरून तिथेच सिस्टीम आर ही प्रायोगिक यंत्रणा उभी राहिली आणि त्या कामातून एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा आली. व्यवहार एक तर पूर्ण व्हावा, नाहीतर मुळीच होऊ नये, आणि त्यासाठी प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, लिहावा, ही शिस्त मोठ्या यंत्रांवर त्याच काळात पक्की होत गेली. आपल्या तालुक्याच्या गावांत मात्र मोठी यंत्रं आली नाहीत. आले ते पीसी, आणि त्यांच्यावर डीबेस, मग फॉक्सप्रो ही डेटाबेस सॉफ्टवेअर. 1992 मध्ये मायक्रोसॉफ्टने फॉक्स सॉफ्टवेअर विकत घेतली, तरी डॉसवरचा फॉक्सप्रो त्यानंतरही कितीतरी वर्षं आपल्याकडे हिशेब सांभाळत राहिला.

ही सॉफ्टवेअर ज्यात माहिती ठेवत, त्या डीबीएफ फाइलची रचना एकदा नीट पाहण्यासारखी आहे. फाइलच्या सुरुवातीला हेडर असतं आणि त्यात एकूण नोंदींची संख्या लिहिलेली असते. नवी नोंद टाकली की फाइलच्या शेवटी ती जोडायची आणि हेडरमधला आकडा एकाने वाढवायचा, ही दोन वेगळी कामं. शिवाय इंडेक्सची फाइल निराळी. या दोन कामांच्या मधे लाइट गेली की नोंद आहे पण आकडा जुना, किंवा आकडा वाढला पण नोंद अर्धवट. डॉसवरच्या फॉक्सप्रोला मागे वळून पाहायला लॉगच नव्हता, त्यामुळे काय अपुरं राहिलं हे त्याला कळायला मार्ग नसे. 2000 नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत हे किती ठिकाणी, किती वेळा घडलं असेल याचा अंदाज त्या काळी काम केलेल्या कुणालाही येईल. याला दोष म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ती रचना एका माणसाने, एका मशीनवर, अखंड विजेवर काम करावं म्हणून केलेली होती.

पुसलेल्या नोंदी परत दिसायच्या, त्याचंही तसंच. डीबीएफमध्ये डिलीट म्हणजे नोंदीच्या पहिल्या बाइटवर एक तारा उमटवणं, बस. पॅक ही आज्ञा चालवल्यावरच नोंद खरोखर जाते, आणि तोवर अशा नोंदी लपवायची सेटिंग मुळात बंद असते. खातं बंद केलेला सभासद यादीत पुन्हा उगवला, की लोक व्हायरसवर संशय घ्यायचे.

मग मायएसक्यूएल हे सर्व्हरवर चालणारं डेटाबेस सॉफ्टवेअर आलं. त्याचं सुरुवातीचं मायआयसॅम इंजिन, म्हणजे माहिती साठवणारा भाग, याच वळणाचं, व्यवहारांचा लॉग नसलेलं. लाइट गेल्यावर 'टेबल क्रॅश झालंय, रिपेअर करा' हा संदेश ठरलेला. 2010 मध्ये आलेल्या 5.5 आवृत्तीत इनोडीबी हे मुळातलं इंजिन झालं आणि हा त्रास बराच ओसरला. पण इनोडीबीत एक खरा दोष होता आणि तो फार काळ टिकला. मायएसक्यूएलच्या दोषयादीत त्याचा क्रमांक 199, नोंद 2003 सालची. आपोआप वाढणारा क्रमांक इनोडीबी फक्त मेमरीत ठेवत असे. सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की टेबलमधला सर्वांत मोठा क्रमांक शोधायचा आणि त्याच्या पुढून मोजायचं. आता समजा, कापूस खरेदीत शेवटची पावती 4512 क्रमांकाची. ती चुकली म्हणून काढून टाकली. तेवढ्यात लाइट गेली. सर्व्हर उठला तेव्हा सर्वांत मोठा क्रमांक होता 4511, म्हणून पुढच्या शेतकऱ्याला पुन्हा 4512. दोन माणसांच्या हातात एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या, आणि संशय ऑपरेटरवर. 2018 च्या 8.0 आवृत्तीत हा आकडा लॉगमध्ये लिहायला सुरुवात झाली तेव्हा दोष मिटला. पंधरा वर्षं! ज्या सर्व्हरला महिनोन्‌महिने रीस्टार्ट माहीत नाही, तिथे तो क्वचित दिसणार. दिवसातून दोनदा रीस्टार्ट होणाऱ्या सर्व्हरवर तो दिसल्यावाचून राहणार नाही.

आता देवनागरी. यावल, रावेर, भुसावळकडे बऱ्हाटे हे आडनाव नेहमीचं. यातला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक संकेतात, दोन रीतींनी लिहिता येतो: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर, छापील पावतीवर दोन्ही हुबेहूब सारखी. पण युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-8 पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात आणि त्या जोडचिन्हालाही तीनच, त्यामुळे पहिलं बऱ्हाटे 21 बाइटचं आणि दुसरं 24 बाइटचं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये दोन शब्द सारखे आहेत का हे मुळात बाइटनुसार ठरतं, तेव्हा त्याच्या लेखी हे दोन वेगळे इसम. एका कीबोर्डवरून नाव भरलं आणि दुसऱ्यावरून शोधलं तर 'नोंद नाही'. रीइंडेक्स शंभरदा मारा, फरक पडणार नाही. अशा वेळी नावाची लांबी बाइटमध्ये मोजून पाहावी, भेद लगेच उघडा पडतो. ॲडव्होकेटमधल्या ॲ चं दुखणं तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली स्वतंत्रपणे आलं. त्याआधी अ ला चंद्र जोडून काम भागवलं जाई, आणि तशा नोंदी आजही आहेत. वाचताना एकच, यंत्राला दोन.

याच 21 बाइटांचा ओरॅकल या डेटाबेसमध्ये निराळाच फटका बसतो. तिथे 20 चा कॉलम म्हणजे, सेटिंग बदललं नसेल तर, 20 बाइट. इंग्रजीत वीस अक्षरी नाव बसतं. आमचं सात चिन्हांचं बऱ्हाटे बसत नाही, 'मूल्य फार मोठं' म्हणून परत येतं. मायएसक्यूएलचा जुना यूटीएफ-8 तीन बाइटांपर्यंतच जात असे, त्यामुळे मराठी त्यात निभली आणि चार बाइटांची इमोजी अडकली. नशीब म्हणायचं ते इतकंच, कारण 8.0 आवृत्तीपर्यंत तिथे लॅटिन हाच मुळातला संच होता आणि सेटिंग बदललं नसेल तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची ओळ यायची.

पोस्टग्रेसवाल्यांनी एक तारीख लक्षात ठेवावी: ऑगस्ट 2018. लिनक्समधल्या जीलिबसी या पायाभूत लायब्ररीच्या 2.28 आवृत्तीने शब्दांच्या क्रमवारीचे नियम बदलले. जुन्या क्रमाने बांधलेला इंडेक्स आणि नव्या क्रमाने शोधणारी यंत्रणा यांची गाठ पडेना. समोर असलेली नोंद सापडेना, एकमेव असायला हवी ती दोनदा शिरू लागली. ऑपरेटिंग सिस्टीम अपग्रेड केल्यावर हे झालं तर रीइंडेक्स हाच खरा उपाय. पण त्याआधी दुबार शिरलेल्या नोंदी काढाव्या लागतात, नाहीतर रीइंडेक्सच अडतो.

आणि काही गोष्टी निव्वळ आपल्या इतिहासातून येतात. 1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. जुन्या मास्टरमध्ये, म्हणजे गावं-तालुक्यांच्या मूळ यादीत, शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा धुळ्याखाली आहेत. जिल्हावार बेरीज जुळत नाही ती त्यामुळे. जन्मतारखेत 1 जूनचा ढीग दिसतो, तेव्हा नवा प्रोग्रामर डिफॉल्ट तारखेचा दोष शोधत बसतो. तो ढीग शाळेच्या दाखल्यांतून आला आहे. पोराला पहिलीत घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकलेली असते.

म्हणून कंपनीला फोन लावण्याआधी चार गोष्टी लिहून काढाव्यात: सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती, मधे लाइट गेली होती का, ऑपरेटिंग सिस्टीम कधी बदलली, आणि जे नाव सापडत नाही त्याची बाइटमधली लांबी. दोष 199 असेल तर पहिल्या दोन गोष्टींतच ओळखू येतो. बऱ्हाटे असेल तर चौथीत.