स्त्रीबीजदान

स्त्रीबीजदान म्हणजे एका बाईने आपली स्त्रीबीजं दुसऱ्या जोडप्याला किंवा एकट्या बाईला मूल व्हावं म्हणून देणं, बोलताना सगळे एग डोनेशनच म्हणतात. बीज डोनरचं, शुक्राणू बहुतेक वेळा नवऱ्याचे, गर्भ लॅबमध्ये तयार होतो आणि वाढतो मात्र घेणाऱ्या बाईच्याच पोटात, म्हणजे नऊ महिने तीच काढते आणि बाळंतपणही तिचंच. त्यामुळे ही सरोगसी, म्हणजे दुसऱ्यांचं मूल आपल्या पोटात वाढवणं, नव्हे, पण लोक अजूनही दोन्ही एकच समजतात आणि डोनरच्या घरी "मग पोट दिसेल ना बाप्पा चारचौघांत" अशी काळजी सुरू होते.

भारतात अशा बीजातून पहिलं मूल 1991 मध्ये मुंबईला झालं, वंध्यत्वतज्ज्ञ डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून. गरज कोणाला पडते तर ज्यांची पाळी लहान वयातच थांबली, केमोनंतर अंडाशय काम करेनासे झाले, टर्नर सिंड्रोम (एक एक्स गुणसूत्र कमी असण्याचा जन्मजात दोष) आहे, किंवा वय वाढल्यावर स्वतःच्या बीजांनी आयव्हीएफ (लॅबमध्ये गर्भ तयार करून पोटात ठेवणं) फेलच होत राहिलं.

नागपुरात हे काम मुख्यतः धंतोली-रामदासपेठ पट्ट्यातल्या खासगी सेंटरांमध्ये चालतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, तिकडून छिंदवाडा-बालाघाटहूनही जोडपी येतात आणि त्यांना इथली एक गोष्ट फार सोयीची पडते, नागपूरला दवाखान्यात चाललो म्हटलं की गावात पुढे कोणी विचारत नाही. (धंतोलीत गाडी लावायला जागा शोधणं हा वेगळाच उपचार.)

कायदा म्हणजे 2021 चा एआरटी कायदा (एआरटी म्हणजे मूल होण्यासाठी मदत करणारं तंत्रज्ञान), लागू 25 जानेवारी 2022 पासून. डोनरचं वय 23 ते 35, आयुष्यात एकदाच देता येतं, सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत, आणि एकीची बीजं एकाच जोडप्याला. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस या तपासण्या सक्तीच्या. सगळं नोंदणी झालेल्या एआरटी बँकेमार्फत (डोनर तपासून बीजं पुरवणारी संस्था) व्हावं लागतं आणि डोनरचा 12 महिन्यांचा विमा घेणाऱ्या जोडप्याने काढायचा असतो. सातची मर्यादा कागदावर छान दिसते पण इंजेक्शनं दिलेले अंडाशय सात मोजून थांबत नाहीत, दहा-पंधरा फॉलिकल, म्हणजे बीज वाढणाऱ्या पिशव्या, सहज वाढतात, त्यामुळे डोस आधीपासूनच बेताचा ठेवणारा डॉक्टर हवा.

इंजेक्शनं पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतात, साधारण 10 ते 12 दिवस रोज, मधेमधे सोनोग्राफी आणि रक्त, शेवटी बीजं पिकवणारं ट्रिगरचं इंजेक्शन आणि त्यानंतर 34 ते 36 तासांनी थोडी भूल देऊन योनीमार्गातून सुईने बीजं काढतात, काम 15-20 मिनिटांचं, त्याच दिवशी घरी. बीजं लगेच वापरतात किंवा उणे 196 अंशांवर लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवतात. यानं डोनरचा साठा संपतो ही भीती खरी नाही, कारण त्या महिन्यात तशीही विरून जाणारी बीजंच औषधाने वाढवलेली असतात. खरा धोका ओएचएसएसचा, म्हणजे अंडाशय सुजून पोटात पाणी भरणं. पोट तट्ट फुगलं, दोन दिवसांत वजन भराभर वाढलं, लघवी कमी झाली, दम लागला तर सकाळची वाट न बघता जायचं, आणि नागपूरच्या मे महिन्यात लघवी कमी झाली की ऊन आहे म्हणून सोडून देणाऱ्या बायका खूप, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आता पैशाचं. बीज विकणं-विकत घेणं गुन्हा आहे, पहिल्यांदा 5 ते 10 लाख दंड, पुन्हा केलं तर 3 ते 8 वर्षं कैदही. पण ज्या घरातून डोनर येतात तिथे हा निर्णय बहुधा निवांत दानधर्म म्हणून होत नाही, कर्ज असतं, मुलांची फी असते, आणि हे न बोलता नुसतं महादान महादान म्हणणं मला तरी पटत नाही. एजंट वस्तीत येऊन आधार कार्ड मागत असेल, किंवा "मागच्या वेळचं सांगू नको" म्हणत असेल, तर तो बाईला कायद्याबाहेर आणि विम्याबाहेर ढकलतोय. संमतीचा कागद मराठीत मागायचा, विम्याची कॉपी स्वतःच्या हातात ठेवायची, रात्री फोन कोणाला करायचा ते इंजेक्शन सुरू व्हायच्या आधीच विचारून घ्यायचं.

मूल कायद्याने घेणाऱ्या जोडप्याचंच, डोनरचा त्यावर हक्कही नाही आणि जबाबदारीही नाही. हे घरच्या घरातही लागू होतं. बायकोच्या बहिणीने बीज दिलेलं, सरोगसीतून जुळ्या मुली झाल्या आणि पुढे संसार विस्कटला अशा एका केसमध्ये ऑगस्ट 2024 ला मुंबई हायकोर्टाने सांगितलं की बीज दिलं म्हणून बहीण आई ठरत नाही, आणि मुलींना भेटायची परवानगी बायकोला दिली.