डिझाइनचे घटक आणि तत्त्वे : वस्त्र आणि दृश्यकला

चित्र, कापड, पोशाख किंवा रांगोळी ज्यांच्यामुळे डोळ्यांना दिसते ते डिझाइनचे घटक : रेषा, आकार, घनरूप, रंग, छटा (उजळ-गडदपणा), पोत आणि अवकाश (मोकळी जागा). हे घटक एकमेकांशेजारी कसे मांडायचे, त्यांतला कोणता पुढे आणायचा आणि कोणता मागे ठेवायचा, हे ठरवणाऱ्या कल्पनांना डिझाइनची तत्त्वे म्हणतात. समतोल, प्रमाण, लय, विरोध, उठाव, सुसंवाद आणि एकसंधता ही त्यांची रूढ नावे. महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांची या शब्दांशी पहिली ओळख शासकीय रेखाकला परीक्षांच्या तयारीत होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या संकल्पचित्राच्या पेपरात चौकोन, वर्तूळ अशा दिलेल्या मर्यादेत पाने, फुले किंवा भौमितिक आकार बसवायचे असतात. सगळी जागा भरून गेली की चित्र गुदमरते आणि फार मोकळी राहिली की विस्कटते, हे तिथे हाताला कळते.

घटक किती आणि तत्त्वे किती यावर पाठ्यपुस्तकांत एकमत नाही. कोणी पाच मोजतात, कोणी सात, तर कोणी छटेला रंगातच धरतात. या मोजणीला फारसे महत्त्व देऊ नये. कोणताही घटक एकट्याने काही ठरवत नाही, ही गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी. लाल किती लाल दिसेल हे शेजारच्या रंगावर ठरते, रेषा किती लांब भासेल हे तिच्या जोडीच्या रेषांवर. पोशाखाच्या बाबतीत त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. कापड सपाट असते, ते नेसले किंवा शिवले जाते एका हलत्या शरीरावर.

भारतीय परंपरेत या विचाराला जुनी बैठक आहे. कामसूत्रावरील यशोधराच्या टीकेत चित्राची सहा अंगे सांगितली आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग (रंगांची हाताळणी). त्यांतले प्रमाण आजही त्याच नावाने शिकवले जाते. भाव आणि लावण्य यांना मात्र आजच्या घटक-तत्त्वांच्या यादीत जागा उरलेली नाही, आणि ही उणीव खरी आहे. आजची यादी प्रामुख्याने पाश्चात्त्य कलाशिक्षणातून आली. तिला शिस्तबद्ध रूप देण्यात जर्मनीतील बाउहाउस या संस्थेचा वाटा मोठा. वास्तुरचनाकार वाल्टर ग्रोपिउस यांनी ती १९१९ मध्ये वायमार येथे स्थापन केली. तिथल्या प्राथमिक अभ्यासक्रमाची घडी तिथले शिक्षक योहानेस इटन यांनी बसवली. विद्यार्थ्याने थेट खुर्ची किंवा गालिचा करायला न घेता आधी खरखरीत-गुळगुळीत, मोठे-लहान, उजळ-गडद असे विरोध हाताळावेत, हा त्यांचा आग्रह होता. रंगांमधले विरोध त्यांनी सात प्रकारचे मानले. बाउहाउसमधील कलाकृती १९२२ मध्येच कलकत्त्याच्या एका प्रदर्शनात भारतीय चित्रकारांच्या कामाशेजारी मांडल्या गेल्या होत्या.

रंगाविषयीचा सर्वांत मोलाचा धडा मात्र कापडाच्या कारखान्यातून मिळाला. मिशेल यूजीन शेव्ह्रल (१७८६–१८८९) हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबलँ या सरकारी गालिचा-कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख झाले. कापडात चित्रे (टॅपेस्ट्री) विणणाऱ्या कारागिरांची एक तक्रार त्यांच्याकडे आली : निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या सावलीसाठी वापरलेला काळा धागा फिका पडतो, त्यात दम नाही. शेव्ह्रल यांनी तो धागा इतर ठिकाणच्या काळ्या लोकरीशी ताडून पाहिला. रंगात काही खोट नव्हती. खोट शेजारात होती. निळ्याजवळ ठेवलेल्या काळ्यावर डोळा निळ्याच्या विरोधी रंगाची, म्हणजे नारिंगीची झाक चढवतो आणि काळा विटका दिसू लागतो. या शोधावर त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि १८३९ मध्ये आपला सिद्धांत प्रसिद्ध केला. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांपासून शक्य तितके वेगळे भासतात, असा त्याचा आशय आहे. फ्रेंच चित्रकार जॉर्ज सरा यांनी ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेल्या चित्रांमागे हाच विचार आहे. रोबेर आणि सोनिया दलोने या चित्रकार दांपत्याने तो विसाव्या शतकात पुढे नेला. सोनिया यांनी १९१३ मध्ये अनेक रंगांचे तुकडे जोडून स्वतःसाठी पोशाख शिवला. त्यात चित्रकला आणि शिवणकाम यांच्यातली भिंतच उरली नाही.

हाच शेजारधर्म पैठणीत वेगळ्या वाटेने दिसतो. ताण्याला (उभ्या धाग्यांना) एक रंग आणि बाण्याला (आडव्या धाग्यांना) दुसरा घेतला की अंगाला धूपछाव येते. धागे रंगांसारखे एकमेकांत कालवले जात नाहीत. ते शेजारीशेजारी राहतात आणि मिसळण्याचे काम डोळा करतो. म्हणूनच साडी हलली, घडी पडली किंवा उजेड बाजूने आला की कधी ताणा पुढे येतो, कधी बाणा. रेशीम उजेड परतवते, त्यामुळे हा बदल अधिक ठळक होतो. तीच रंगजोडी सुतात विणली तर एवढी खुलत नाही. इथे रंग आणि पोत हे दोन घटक वेगळे काढून दाखवता येत नाहीत.

पैठणीकडे थोडे आणखी जवळून पाहण्यासारखे आहे, कारण डिझाइनची जवळजवळ सगळी तत्त्वे तिच्यात एकत्र नांदतात. अंगावर बुट्ट्या विरळ आणि सारख्या अंतराने असतात. ही तिची संथ लय. काठावर नारळी नक्षीचे त्रिकोण ओळीने येतात तेव्हा हीच लय जलद होते. पदरात जरीच्या पृष्ठभूमीवर रंगीत रेशमाने बांगडीमोर, मुनिया, कमळे किंवा आसावलीच्या वेली विणलेल्या असतात, आणि नजर तिथे येऊन थांबते. उठाव म्हणतात तो हाच. अंगावर रेशमी जमिनीत जरीची बुट्टी असते. पदरात जरीच्या जमिनीत रेशमी नक्षी येते. आकृती आणि पृष्ठभूमी यांची ही अदलाबदल साडीचे दोन भाग वेगळे ठेवते आणि एकमेकांना बांधूनही घेते.

नक्षीच्या आकारावर विणकामाच्या पद्धतीचा ठसा असतो. पदरातल्या प्रत्येक रंगासाठी बाण्याची वेगळी लहान कांडी असते. तो रंग आपल्या हद्दीपुरता फिरतो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि परत वळतो. त्यामुळे मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ येते. पण उभ्या-आडव्या धाग्यांतून अखंड वळण निघू शकत नाही. मोराच्या मानेची गोलाई जवळून पाहिली तर लहान लहान पायऱ्यांनी चढते. धागा जितका बारीक तितकी पायरी लहान. कागदावर काढलेला मोर जसाच्या तसा मागावर उतरवायचा प्रयत्न फसतो तो इथेच. चांगला विणकर या पायऱ्या लपवायला जात नाही, त्यांच्यासकट मोर डौलदार दिसेल असा आकार निवडतो.

साडी नेसली की मांडणी पुन्हा बदलते. मागावर काठ ही एक सरळ रेषा असते. निऱ्या घातल्यावर ती तुटते आणि घडीघडीने पुन्हा पुन्हा दिसू लागते. नऊवारीच्या कासोट्यात तोच काठ पायामागून वर चढतो. पदर एका खांद्यावरून जातो, त्यामुळे शरीराची दोन अंगे सारखी उरत नाहीत. तरीही नेसणारी बाई एका बाजूला कललेली वाटत नाही. एकीकडे पदराचा भार, दुसरीकडे मोकळा खांदा आणि खाली निऱ्यांची उभी ओळ असा विषम समतोल तिथे साधलेला असतो. सम समतोलापेक्षा हा अवघड, आणि शतकानुशतके नेसण्याच्या सवयीतून बसलेला.

रेषेविषयी कपड्यांच्या दुकानांत एक समज पक्का आहे : आडव्या पट्ट्यांनी माणूस जाड दिसतो, उभ्यांनी सडपातळ. जर्मन शास्त्रज्ञ हेरमान फोन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच याच्या उलट निरीक्षण नोंदवले. दोन समान चौरसांपैकी एक आडव्या आणि दुसरा उभ्या रेषांनी भरला, तर आडव्या रेषांचा चौरस अधिक उंच आणि अरुंद भासतो. बायकांच्या आडव्या पट्ट्यांच्या पोशाखांनाही त्यांनी हे लागू केले. प्रत्यक्षात पट्टीची जाडी, दोन पट्ट्यांमधले अंतर, कापड अंगाला चिकटते की सैल राहते, या सगळ्यांनी परिणाम बदलतो. तेव्हा असे सरसकट नियम ग्राहकाला सांगणे बरे नाही.

आकार आणि रेषा यांचा वस्त्रातला एक नमुनेदार प्रयोग फ्रेंच फॅशन डिझाइनर ईव्ह साँ लोराँ यांनी १९६५ च्या शरद-हिवाळी संग्रहात केला. डच चित्रकार पीट माँड्रियन (१८७२–१९४४) यांच्या काळ्या सरळ रेषा आणि लाल, निळे, पिवळे, पांढरे चौकोन त्यांनी लोकरीच्या जर्सी कापडाच्या सरळ पोशाखावर आणले. हे चौकोन छापलेले नव्हते. प्रत्येक रंगाचा तुकडा आणि प्रत्येक काळी पट्टी वेगळी कापून जोडली होती. सपाट चित्र गोल शरीरावर चढवले की रेषा वाकणार, ही खरी अडचण. शरीराला बसण्यासाठी लागणारा आकार त्यांनी या जोडांच्या शिवणींतच लपवला, वेगळे टक्स (कापड चिमटून घातलेल्या शिवणी) दिसू दिले नाहीत. म्हणून चौकट सरळ दिसते आणि पोशाखही अंगावर नीट बसतो. चित्र उचलून कापडावर छापणे आणि चित्राची रचना वस्त्राच्या रचनेत मुरवणे यांतला फरक समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

फ्रेंच फॅशन डिझाइनर मादलेन व्हिओने (१८७६–१९७५) यांची वाट दुसरी. त्या कागदावर रेखाटण्याऐवजी लहान लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळून पोशाख घडवत. कापड धाग्यांच्या दिशेने सरळ न धरता ४५ अंशांच्या तिरक्या दिशेत वापरले की ते ताणले जाते आणि अंगावरून ओघळते. रेषा आखलेली नाही, तरी ती दिसते, कारण वजनाने कापड स्वतःच ती काढते.

प्रमाण म्हणजे केवळ मापे नव्हेत, हे फ्रेंच डिझाइनर क्रिस्तियाँ दिओर यांच्या पहिल्या संग्रहातून दिसते. तो १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये सादर झाला आणि ‘न्यू लुक’ या नावाने गाजला. त्यातला प्रसिद्ध ‘बार’ सूट पाहिला की कंबर फार बारीक भासते. ती आवळलेली होतीच. पण जाकिटाला कमरेखाली नितंबांवर भरणी घातली होती आणि घागरा घेरदार होता. भोवतालचे वाढवून मधले लहान दाखवले होते. युद्धकाळातल्या कापडटंचाईनंतर एवढा घेर उधळपट्टीचा वाटून त्यावर टीकाही झाली. डिझाइनची चर्चा नुसत्या डोळ्यापुरती ठेवता येत नाही, कापड किती लागते आणि कोणाला परवडते हेही त्यात येते.

अवकाश हा घटक नवशिक्यांच्या हातून सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. वारली चित्रात माणूस म्हणजे टोकाशी जुळलेले दोन त्रिकोण, डोक्याचा गोल आणि हातापायांच्या काड्या. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा, एवढाच रंग. तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची रांग वळत जाते, तेव्हा दोन वेढ्यांमधली मोकळी गेरूची जागाच नाचाला गती देते. पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी ही कला भिंतीवरून कागद-कापडावर आणली. त्यांच्या चित्रांत बारीक रेघोट्यांची दाटी आणि मोकळी जागा यांचे भान विलक्षण आहे. दुसऱ्या टोकाला नागपुरात जन्मलेले आणि मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेले वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१). त्यांच्या चित्रात ओळखू येईल अशी वस्तू नसते. रोलर आणि सुरीने रंगाचे थर लावून, काढून, पुन्हा लावून त्यांनी पोत आणि छटा यांवरच समतोल पेलला. तिथे एखादा ठसा बोटभर सरकवला तर सगळी मांडणी कोसळेल, असे पाहताना वाटत राहते.

ही तत्त्वे म्हणजे निसर्गनियम नव्हेत. जपानी डिझाइनर रेई कावाकुबो यांनी १९९७ च्या वसंत-उन्हाळी संग्रहात ताणल्या जाणाऱ्या कापडाखाली पाठीवर, खांद्यावर, पोटावर, नितंबांवर भरणीचे उंचवटे बसवले. दिओर यांनी भरणी वापरली ती मान्य सौंदर्याकडे नेण्यासाठी. कावाकुबो यांनी तीच वापरून ते मान्य सौंदर्य प्रश्नाखाली आणले. अनेकांना हे पोशाख विद्रूप वाटले. त्याच वर्षी अमेरिकी नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम यांच्या एका नृत्यरचनेसाठी त्यांनी या संग्रहावर आधारलेले पोशाख केले. रंगमंचावर नर्तक वळला की त्याच्या शरीराची बाह्यरेखाच बदलत असे. छायाचित्रात बेढब दिसणाऱ्या या उंचवट्यांना तिथे हालचालीची जोड मिळाली, आणि एरवी ज्या प्रमाणाच्या मोजपट्टीने त्यांना नावे ठेवली गेली ती तिथे लागूच पडेना.