व्हॅन गॉग कुणाकडे शिकला होता?

"चित्रकला रक्तातच असावी लागते. व्हॅन गॉग कुठे शिकला होता?" पोराला क्लासला घालायचा विषय निघाला की घरातलं कुणीतरी हे हमखास ऐकवतं.

डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग शिकला होता, तेही उशिरा. १८८० साली, सत्ताविसाव्या वर्षी, इतर कामांत अपयश आल्यावर धाकटा भाऊ थिओने त्याला चित्रकार हो म्हणून सुचवलं; पुढे पैसेही तोच पुरवत राहिला. सुरुवात झाली ती फ्रेंच चित्रकार शार्ल बार्गच्या रेखाटनाच्या धड्यांवरून. एकेक पान समोर ठेवून नक्कल करायची, संपलं की पुन्हा पहिल्यापासून. (नक्कल केली की हात बिघडतो म्हणणाऱ्यांनी हे जरा ऐकावं.)

मग हेगमध्ये नात्यातल्या अँटन मॉव्ह या चित्रकाराने जलरंग आणि तैलरंग हाती दिले. प्लास्टरच्या मूर्ती समोर ठेवून चित्रं काढायला लावल्यावर मात्र व्हिन्सेंट भडकला आणि त्या कोळशाच्या डब्यात भिरकावल्या. गुरू-शिष्याचं बिनसलं. पुढे १८८६ साली बेल्जियममधल्या अँटवर्पची कला अकादमी, पॅरिसमध्ये चित्रकार कॉर्मोंचा स्टुडिओ. दोन्हीकडे फार टिकला नाही.

आणि १८९० साली, मरणाच्या काही आठवडे आधी, त्याने थिओकडे काय मागितलं? तेच बार्गचे धडे.